मराठी चित्रपटांचा ड्राफ्ट : ६ जण, ८ खाने, ४८ चित्रपट – नियम पक्के करू, निवडी सुरू करू

कट्टेकरी

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता कोथरूडला आपण सहा जण बसतोय. खेळ असा : पाळीपाळीने एकेक मराठी चित्रपट उचलायचा. एकाने उचलला की तो बाकीच्यांना बंद. शेवटी सहा याद्या शेजारीशेजारी लावायच्या, प्रत्येकाने आपल्या यादीची बाजू मांडायची आणि मतं घ्यायची. 'तुमचे आवडते दहा सांगा' म्हटलं की सगळ्यांच्या यादीत तीच सात नावं येतात. इथे एक हातात आला की दुसरा सुटतो, त्यामुळे आपल्याला खरोखर काय सोडवत नाही ते उघड्यावर येतं.

सध्या सात खाने धरलेत, प्रत्येकाने प्रत्येक खान्यात एकेक चित्रपट भरायचा. १९४९ पर्यंतचा, १९५० ते १९६९, १९७० ते १९८९, विनोदी, कादंबरी किंवा नाटकावरून केलेला, २००० नंतरचा पण दिग्दर्शकाचा पहिलाच, आणि एक मोकळा. क्रम नागमोडी : पहिल्या फेरीत १ ते ६, दुसरीत ६ ते १, पुन्हा १ ते ६.

त्रुटी असतील त्या आजच सांगा. नियमावरचा वाद रविवारी निघाला तर चित्रपटांवर बोलायचं राहून जाईल. आणि नियम ठरले की पहिल्या दोन फेऱ्या इथेच खेळून टाकू.

मोजपट्टी

नागमोडी क्रम बरोबर आहे, पण सात फेऱ्या नकोत. विषम फेऱ्यांत पहिल्या क्रमांकाला फायदा राहतो. सहा जणांत पहिल्याला १, १२, १३, २४, २५, ३६ आणि ३७ या निवडी मिळतात, बेरीज १४८. सहाव्याला ६, ७, १८, १९, ३०, ३१ आणि ४२, बेरीज १५३. बेरीज जितकी कमी तितकं लवकर उचलायला मिळालं. आठवी फेरी वाढवली की पहिल्याला ४८वी निवड येते, सहाव्याला ४३वी, आणि दोघांची बेरीज १९६ होते. मधल्या चौघांचीही तेवढीच होते. फेऱ्या सम हव्यात, एवढंच.

बेरीज सारखी झाली तरी जागेचा स्वभाव बदलत नाही, ते तयारीत धरा. टोकाला बसणाऱ्याला दोन निवडी लागोपाठ मिळतात आणि मग दहा चित्रपट डोळ्यांसमोरून जातात. तिसऱ्या क्रमांकाच्या निवडी ३, १०, १५, २२ अशा येतात, म्हणजे मध्ये कधी सहा जातात, कधी चार. टोकावरच्याने जोडीने विचार करायचा. मधल्याने 'हा पुढच्या पाळीपर्यंत टिकेल का' एवढंच बघायचं.

क्रम चिठ्ठ्या टाकून आदल्या रात्रीच काढा. आयत्या वेळी काढला तर टोकावरच्याची तयारीच नसते आणि पहिली फेरी रेंगाळते.

रीळवाली

आठवा खाना हवाच आहे तर तो १९९० ते १९९९ चा करा. आत्ताच्या मांडणीत ते अख्खं दशक गायब आहे. ते चित्रपट फक्त विनोदी, कादंबरी नाहीतर मोकळ्या खान्यातून आत येऊ शकतात, आणि मोकळा खाना शेवटी कुणीतरी 'सैराट'वर खर्च करणार.

या दशकात काहीच नव्हतं असं म्हणतात, ते मला पटत नाही. चौकट राजा आणि माहेरची साडी १९९१, एक होता विदूषक १९९२, झपाटलेला, लपंडाव आणि सवत माझी लाडकी तिन्ही १९९३, मुक्ता आणि वजीर १९९४, दोघी आणि बनगरवाडी १९९५, कथा दोन गणपतरावांची १९९६, सरकारनामा आणि तू तिथं मी १९९८, बिनधास्त १९९९. चौदा झाले, आणि यात सुमित्रा भावे आहेत, अमोल पालेकर आहेत, जब्बार पटेलांचे दोन आहेत, महेश कोठारेही आहेत. एवढे वेगवेगळे सूर दुसऱ्या कुठल्याच खान्यात एकत्र सापडणार नाहीत.

वेताळटेकडी

पुण्यात बसून खेळतोय तर पुण्याचा एक खाना ठेवा की! प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून १९३३ साली पुण्याला आली. तिचा स्टुडिओ होता तिथेच आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि तिथून थोड्याच अंतरावर १९६४ पासूनचं फिल्म अर्काइव्ह. पुण्याला वगळून मराठी चित्रपटांचा खेळ खेळणं बरं वाटत नाही.

मोजपट्टी

भावना मान्य, पण पुण्याचा म्हणजे नेमका कोणता? पुण्यात चित्रित झालेला म्हणाल तर १९३४ च्या 'अमृतमंथन'पासूनची सगळी प्रभात आत येते आणि हा खाना पहिल्या खान्यावरच पडतो. कथा पुण्यात घडते असं म्हणाल तर हाताला लागतात ते हे : रामशास्त्री १९४४, घाशीराम कोतवाल १९७६, २२ जून १८९७ हा १९७९ चा, जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर बेतलेला माफीचा साक्षीदार १९८६, मुंबई-पुणे-मुंबई २०१०, रमा माधव २०१४. आणखी दोनचार निघतील. सहा खेळाडूंना आठ-दहा चित्रपट.

खाना चालतो की नाही हे ओळखायची साधी खूण आहे : खेळाडूंच्या तिप्पट तरी चांगले चित्रपट त्यात हवेत. सहा जणांना अठरा. त्याहून कमी असले तर शेवटच्या दोघांना निवड उरत नाही, जे पडलंय ते घ्यावं लागतं. पन्नासहून जास्त असले तर कुणालाच घाई नसते आणि त्या खान्यावरून कधी चुरस होत नाही. रीळवाली यांचे चौदा तिप्पटीला कमी पडतात, पण मोठे चित्रपट त्यात सारख्या तोलाचे आहेत, त्यामुळे चालेल.

पुण्याचा वेगळा खाना नको. त्याऐवजी अंतिम यादीत पुण्यात घडणारा चित्रपट असेल त्याला दोन गुण जादा द्या.

वेताळटेकडी

दोन गुण चालतील. मग 'रामशास्त्री' कुणीतरी नक्की उचलेल, आणि तो उचलला जावा एवढंच मला हवं होतं.

पेठकर

फळ्याचं सांगतो. कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवलं तर चौथ्या फेरीनंतर कुणाकडे काय आहे ते कळेनासं होतं आणि गेलेलाच चित्रपट पुन्हा मागितला जातो. अप्पा बळवंत चौकात २२ बाय २८ इंचांचा कार्डशीट मिळतो, तो उभा लावा. डावीकडे खान्यांच्या नावांसाठी अडीच इंच सोडा, उरलेल्या साडेएकोणीस इंचांत सहा खेळाडूंचे सहा उभे रकाने, प्रत्येकी सव्वातीन इंच. वर मथळ्याला दोन इंच, खाली आठ आडव्या ओळी, त्याही सव्वातीन इंची. चिकटचिठ्ठी तीन बाय तीन इंचांची असते, चौकटीत बरोबर बसते आणि कडेला रेघ दिसत राहते.

आडव्या ओळी खान्यांच्या ठेवा, फेऱ्यांच्या नको. कोण कुठल्या फेरीत कुठला खाना भरेल हे मोकळं आहे. फेऱ्यांच्या ओळी केल्या की कुणाचा कुठला खाना रिकामा आहे हे फळ्यावरून दिसत नाही, आणि खेळातली अर्धी चाल तर तेच बघून करायची असते. निवडीचा क्रमांक चिठ्ठीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, मध्ये नाव, खाली साल. जाड मार्कर घ्या, बॉलपेनचं लांबून वाचता येत नाही. पंख्याखाली चिठ्ठ्या सुटतात, म्हणून शीट पंख्यापासून लांबच्या भिंतीला लावा.

तिसरीरांग

आता वादाच्या जागा.

साल : जेवढं वाटतं तेवढं भांडण सालावरून होत नाही. 'श्वास'ला राष्ट्रीय पुरस्कार २००३ चा, चित्रपटगृहात तो आला २००४ ला. 'सामना' पुरस्कारात १९७४ चा, बर्लिनच्या स्पर्धेत १९७५ ला. 'फँड्री' महोत्सवात २०१३, प्रदर्शित २०१४. 'कोर्ट' व्हेनिसला २०१४, इथे २०१५. यातलं कुठलंही साल धरलं तरी खाना बदलत नाही. प्रश्न येतो तो फक्त सीमेवर, ४९-५०, ६९-७०, ८९-९०, ९९-२०००. तिथे चित्रपटगृहात लागल्याचं साल धरा आणि ते शोधायला दोन मिनिटं द्या, त्याहून जास्त नाही.

एकच नाव : 'श्यामची आई' १९५३ चा आहे आणि २०२३ चाही आहे. नाव घेताना साल म्हणायचं, नाहीतर निवड धरायची नाही.

दोन भाषा : प्रभातने 'कुंकू' हिंदीत 'दुनिया न माने' म्हणून केला, 'माणूस' 'आदमी' म्हणून, 'शेजारी' 'पडोसी' म्हणून. मराठी उचलला की हिंदी जोडीदार त्यातच आला. बाजू मांडताना मात्र मराठी आवृत्तीबद्दलच बोलायचं.

पहिलाच चित्रपट : पूर्ण लांबीचा पहिला कथापट धरा, लघुपट मोजू नका. म्हणजे 'पिस्तुल्या' आधी असला तरी 'फँड्री' चालतो. 'सैराट' चालत नाही, तो दुसरा. 'वळू' चालतो, 'देऊळ' चालत नाही. घाईत इथेच सर्वात जास्त चुका होतात. चुकीची निवड झाली तर ती रद्द, त्याच पाळीत एक मिनिटात दुसरी. पाळी काढून घेऊ नका, एका चुकीपायी पूर्ण यादी मोडते.

रूपांतर-पुनर्निर्मिती : 'अशी ही बनवाबनवी' १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून, 'धूमधडाका' 'प्यार किये जा'वरून आणि त्याच्याही मागे १९६४ चा तामिळ 'काधलिक्क नेरमिल्लै'. हे बाद करायचे का?

रीळवाली

बाद करू नका. मूळ कल्पना बाहेरची आहे म्हणून चित्रपट बाद करायचे ठरवलं तर विनोदी खान्यातले निम्मे जातील आणि उरलेल्यांची मुळं शोधत बसावं लागेल. फक्त कादंबरी-नाटकाच्या खान्यात चित्रपटावरून केलेला चित्रपट बसणार नाही, एवढं लिहून ठेवा.

आणि एक महत्त्वाचं : दोन खान्यांत बसणारा चित्रपट उचलला तर खाना तिथल्या तिथे सांगायचा का? माझं मत, नाही. शेवटच्या फेरीपर्यंत चिठ्ठी हलवू द्या. 'सिंहासन' १९७९ चा आहे आणि अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरूनही आहे. 'कुंकू' १९३७ चा, आणि ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट'वरून. 'नटरंग' रवी जाधवांचा पहिला आणि आनंद यादवांच्या कादंबरीवरून. 'गुळाचा गणपती' १९५३ चा आणि विनोदी. खाना आधीच बांधला तर शेवटच्या फेरीत कुणीतरी अडकतं : हातात चांगला चित्रपट, पण रिकामा खाना भलताच. मग नावडतं काहीतरी घ्यावं लागतं आणि त्याची बाजूही मांडावी लागते. ते ऐकणाऱ्यालाही नको होतं.

कट्टेकरी

सगळं घेतलं. आठ खाने, आठवा १९९० ते १९९९. चिठ्ठी शेवटपर्यंत हलवता येईल. वेळ : पहिल्या दोन फेऱ्यांत निवडीला दोन मिनिटं, पुढे एक मिनिट. म्हणजे १२ निवडींची २४ आणि ३६ निवडींची ३६, नेमका एक तास. फोनवर शोधायला फक्त साल बघण्यापुरती परवानगी.

तयारीचा कागद प्रत्येकाने आणायचा. प्रत्येक खान्यात निदान सहा नावं, आवडीच्या क्रमाने. सहाच का, तर बाकीचे पाच जण त्या खान्यात एकेक उचलणार असं धरलं तरी तुमच्याकडे एक उरतो. पाचच नावं आणली आणि पाचही गेली की मग छताकडे बघत बसावं लागतं.

चिठ्ठ्या काढल्या. क्रम : १ पेठकर, २ तिसरीरांग, ३ रीळवाली, ४ वेताळटेकडी, ५ कट्टेकरी, ६ मोजपट्टी. आणि एक नियम माझ्याकडून : बाजू मांडताना पुरस्कार, कमाई, किती आठवडे चालला हे सांगायचं नाही. चित्रपटातला एक प्रसंग सांगायचा. पेठकर, सुरू करा.

पेठकर

१ : संत तुकाराम, १९३६.

पहिल्या खान्यात दोन शिखरं आहेत, हा आणि 'कुंकू'. त्यानंतर उतार आहे. बाराव्या निवडीपर्यंत दोन्ही टिकणार नाहीत, म्हणून एक आत्ताच.

प्रसंग जिजाईचा. मूल आजारी आहे, नवरा भजनात. ती मुलाला घेऊन थेट देवळात जाते आणि पायातलं काढून विठ्ठलासमोर उगारते. दामले-फत्तेलालांनी या बाईला कजाग म्हणून हिणवलेलं नाही. पोरांच्या पोटाला रोज काहीतरी घालावं लागतं, हा तिचा मुद्दा चित्रपट शेवटपर्यंत खोडत नाही. तुकोबा वैकुंठाला निघतात तेव्हाही ती चुलीपाशी आहे. विष्णुपंत पागनीसांच्या तुकारामाइतकाच तो चित्रपट गौरीच्या जिजाईचा आहे. गाण्यांचं बळ किती, तर शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलेलं 'आधी बीज एकले' लोक तुकोबांचाच अभंग समजतात.

तिसरीरांग

२ : अशी ही बनवाबनवी, १९८८. विनोदी.

मोजपट्टी

दुसऱ्या क्रमांकाला विनोदी? सगळ्यात खोल खाना तोच आहे. 'ब्रह्मचारी' १९३८, 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे' १९५२, 'सोंगाड्या' १९७१, 'गंमत जंमत' १९८७, 'वळू' २००८. आणखी पंधरा सहज निघतील. तिथे सहाव्या फेरीतही चांगला मिळाला असता. निवडताना 'सर्वात चांगला कोणता' असं विचारायचं नाही. 'आत्ताचा आणि पुढच्या पाळीला मिळेल तो, यांत फरक किती' असं विचारायचं. तो फरक ज्या खान्यात सर्वात मोठा, तिथे आधी हात घालायचा.

तिसरीरांग

तुमचीच मोजपट्टी लावून बघा. खाना खोल आहे हे खरं, पण पहिला आणि दुसरा यांत केवढी दरी आहे! बाकीचे चित्रपट चांगले आहेत, हा घराघरांत पाठ आहे.

प्रसंग डोहाळजेवणाचा. पार्वती झालेला लक्ष्मीकांत बेर्डे पाटावर बसलाय, भोवती बायकांचं गाणं चाललंय. त्या एका खोलीत चौघांची चार खोटी एकाच वेळी सांभाळायची आहेत. नवरा कोण, बाई कोण, घरमालकिणीला काय सांगितलंय आणि ज्या मुली आवडतात त्यांना काय. वसंत सबनिसांच्या लेखनाची करामत अशी की प्रेक्षकाला या चारही थापा प्रत्येक क्षणी लक्षात असतात. कुणाचं तोंड उघडलं तर काय फुटेल हे आपल्याला त्यांच्या आधी कळतं. मूळ कल्पना बाहेरची असेल, ही वीण इथली आहे.

रीळवाली

३ : कुंकू, १९३७. तो इथपर्यंत आला याचा मला आनंद आहे.

व्ही. शांतारामांनी यात पार्श्वसंगीत ठेवलेलं नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाज आहेत तेवढेच. आणि भिंतीवरचं घड्याळ. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरात, केशवराव दात्यांच्या काकासाहेबांच्या घरात, त्या घड्याळाचे टोले ऐकू येतात तेव्हा मागे वाद्यं नसल्यामुळे ते अंगावर येतात. शांता आपट्यांची नीरा या लग्नाला शब्दांनी आणि वागण्याने रोज नकार देते. कुणीतरी तिची सुटका करील याची ती वाट बघत नाही. १९३७ साली हे पडद्यावर सरळ उभं केलं.

मोजपट्टींच्या हिशेबातही बसतो : पहिला खाना आणि कादंबरी, दोन्हीकडे हलवता येतो.

वेताळटेकडी

४ : सिंहासन, १९७९. निळू फुल्यांचा पत्रकार दिगू बहुतेक वेळ नुसता ऐकत असतो. मुख्यमंत्र्यांच्या खोलीत ऐकतो, अर्थमंत्र्यांच्या घरी ऐकतो, कामगार पुढाऱ्याचं ऐकतो. सगळ्यांच्या चाली फक्त त्याला एकत्र दिसतात आणि त्याला त्याचं काहीच करता येत नाही. शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो ते म्हणूनच पटतं, आधीचं सगळं ऐकणं आपण त्याच्याबरोबर केलेलं असतं.

कट्टेकरी

५ : श्यामची आई, १९५३. आचार्य अत्र्यांचा, सालासह.

१९५० ते १९६९ मध्ये याच्या खाली 'सांगते ऐका', 'जगाच्या पाठीवर', 'साधी माणसं' असे बरेच एका पातळीवर आहेत, हा एकटा वर आहे. प्रसंग माहितीचा आहे तोच घेतो. श्यामला पोहायला भीती वाटते, तो लपतो, आई त्याला फोकाने मारत विहिरीवर पाठवते. त्यानंतर त्याच्या पाठीवरचे वळ बघून तीच रडते. या चित्रपटाला 'फक्त मायेचा' म्हणतात ते मला अपुरं वाटतं. त्यात धाक आहे, गरिबीचा अपमान आहे, आणि माया या दोन्हींतून वाट काढत येते.

मोजपट्टी

माझ्या दोन लागोपाठ, मग थेट अठरावी. म्हणून दोन्ही अशा हव्यात की ज्या दोन दोन खान्यांत बसतील.

६ : जैत रे जैत, १९७७. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून.
७ : बनगरवाडी, १९९५. व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीवरून.

कादंबरीच्या खान्यात दोन्ही बसतात. एक सत्तर-ऐंशीत जाऊ शकतो, दुसरा नव्वदच्या दशकात. अठराव्या निवडीला त्या तीन खान्यांपैकी ज्यात चांगला उरला असेल तो घ्यायचा आणि चिठ्ठ्या सरकवायच्या.

प्रसंग 'जैत रे जैत'चा. नाग्याला मधमाशांची राणी बघायची आहे, ती त्याचा डोळा घेते, आणि तिथून त्याचं आणि त्या डोंगराचं वैर सुरू होतं. हृदयनाथ मंगेशकर आणि ना. धों. महानोरांची गाणी कथा थांबवून येत नाहीत, कथाच गाण्यांतून पुढे सरकते. मराठीत असं दुसरं उदाहरण मला सांगा, त्याला पुढच्या फेरीत मी आडवा येणार नाही.

कट्टेकरी

८ : कोर्ट. पहिलाच चित्रपट या खान्यात.

मोजपट्टी

घाई झाली. तो खाना भरलेला आहे. श्वास, डोंबिवली फास्ट, वळू, हरिश्चंद्राची फॅक्टरी, नटरंग, शाळा, फँड्री, किल्ला, कट्यार काळजात घुसली, सगळे पहिलेच. विसाव्या निवडीलाही यातला एखादा पडून राहिला असता.

कट्टेकरी

'एखादा' राहिला असता, 'कोर्ट' राहिला नसता. हिशेब मला मान्य आहे, पण जो चित्रपट हातचा जाऊ नये असं वाटतं तो कुठेतरी लवकर उचलावाच लागतो, नाहीतर चोख हिशेबाची पण कुणाचीच न वाटणारी यादी तयार होते.

प्रसंग शेवटचा. सुट्टी लागते, कोर्टाच्या खोलीतले दिवे एकेक बंद होतात, पडदा काळा होतो. सर्वांना वाटतं संपला. मग दिसतात सहलीला गेलेले न्यायाधीश, बाकावर डुलकी घेत. मुलं एकदम ओरडून त्यांना जागं करतात, ते एका पोराला थप्पड मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. चैतन्य ताम्हाणेंचा कॅमेरा आधीच्या दोन तासांत लांबून, न हलता बघत आलाय, म्हणून ती लहानशी थप्पड एवढी मोठी वाटते. ज्याच्या निकालावर आरोपी शाहीर नारायण कांबळेंचं आयुष्य टांगलंय तो माणूस खुर्चीबाहेर कसा आहे हे कळलं की खटल्याचं पुढे काय होईल ते सांगावं लागत नाही.

वेताळटेकडी

९ : वळू, २००८. विनोदी आणि पहिलाच, दोन्हीकडे चालतो. अख्खं गाव एका बैलामागे लागतं, आणि धरायला आलेल्या फॉरेस्टवाल्याला हळूहळू गावापेक्षा बैलाचंच जास्त पटायला लागतं.

रीळवाली

१० : दोघी, १९९५. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा पहिला कथापट. मुंबईला पाठवलेल्या बहिणीच्या पैशावर घर चालतं, आणि ती परत येते तेव्हा तेच घर तिच्याकडे नीट बघत नाही. नव्वदच्या खान्यात मला दुसरा कुठलाच नको होता.

तिसरीरांग

११ : फँड्री. डुक्कर समोर आहे, धरायचं आहे, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या आणि घरचे जिथे आहेत तिथे ताठ उभे राहतात. डुक्कर निघून जातं. नागराज मंजुळे यावर एक शब्दही बोलत नाहीत.

कट्टेकरी

पेठकरांच्या दोन येईपर्यंत मतदानाचं ठरवू. बाहेरचे परीक्षक नाहीत, आपणच मत देणार. प्रत्येक खान्यात स्वतःचा सोडून उरलेल्या पाचांपैकी तिघांना ३, २, १ असे गुण. एकेका चित्रपटाला तीस सेकंद बोलायचं, म्हणजे सगळं मिळून चोवीस मिनिटं.

मोजपट्टी

मग एका खान्यात ६ मतपत्रिका गुणिले ६ गुण, ३६. आठ खान्यांचे २८८. पुण्याचे जादा गुण धरायच्या आधी एकूण बेरीज २८८ आली नाही तर मोजणीत चूक आहे, निकाल जाहीर करू नका. पत्रिकेवर नावं न लिहिता अ, ब, क लिहून गोळा करा. हात वर करून घेतलेल्या मतात दुसरा आधीच्याकडे बघून बदलतो.

रीळवाली

बघितलेलाच नाही असा चित्रपट असेल तर? सहापैकी तीनही बघितले नसतील तर त्या खान्यात त्याने मत देऊ नये. नाहीतर नाव ऐकलंय म्हणून गुण जातात आणि १९४९ चा खाना दरवेळी सर्वात प्रसिद्ध नावाला मिळतो.

मोजपट्टी

बरोबर. मग त्या खान्यात पत्रिका जितक्या, गुणिले सहा, एवढी बेरीज तपासा. आणि सगळ्या खान्यांचं वजन सारखं राहावं म्हणून खान्यात प्रत्येकाला पडलेले गुण पत्रिकांच्या संख्येने भागून घ्या. मग जादाचे दोन गुणही फार होतील, तिथे पाव गुण ठेवा.

पेठकर

उशिराबद्दल क्षमस्व. दहा गेले, बघून घेतलं. विनोदीत घाई नाही, पहिलाचमध्येही नाही.

१२ : जगाच्या पाठीवर, १९६०. राजा परांजपे, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके या तिघांचा मेळ पुढच्या पाळीपर्यंत, म्हणजे चोविसावीपर्यंत, टिकला नसता.

१३ : सामना. सत्तर-ऐंशीच्या खान्यात.

प्रसंग एक नाही, एक प्रश्न आहे. साखर कारखाना, सत्ता, माणसं, सगळं मुठीत असलेला निळू फुल्यांचा हिंदुराव, आणि समोर डॉ. लागूंचा दारूडा, उपरा मास्तर. त्याच्याकडे पुरावा नाही, अधिकार नाही. तो फक्त मारुती कांबळेचं काय झालं एवढंच विचारत राहतो. विजय तेंडुलकरांनी आधी तो प्रश्न एका माणसाच्या तोंडी दिला आणि मग हळूहळू गावात सोडला. हिंदुराव त्याच मास्तराला जवळ ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो, आणि तरी प्रश्न थांबत नाही. निळू फुल्यांच्या चेहऱ्यावर राग, मग कुतूहल आणि मग एक प्रकारचा थकवा येत जातो, तो क्रम रविवारी सांगीन. तीस सेकंद पुरणार नाहीत, एक मिनिट द्या.

तिसरीरांग, चौदावी तुमची.